शालिग्रामभाऊंची घंटा आणि माझं इंग्रजी

हसणार असाल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि शर्ट माझा खराब झाला! घोळ माझ्याच हातचा आहे. अख्ख्या मोताळ्याला माहीत आहे, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

तर मी इंग्रजीचा मास्तर. मोताळ्याजवळच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं शिकवतोय. माझी एक वही आहे, इंग्रजी वाक्प्रचारांची. वाक्प्रचार, त्याचा अर्थ, जवळची मराठी म्हण आणि शेवटी एक उदाहरण. या वहीला आजवर तीनदा कव्हर घातलं, आतलं अक्षर मात्र पहिल्या वर्षीचंच. मोठ्या भावाला दिलेलं उदाहरण धाकट्याला घरूनच पाठ असायचं. मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून वाक्य पूर्ण व्हायचं. मला वाटायचं, वा! याला म्हणतात पक्का पाया!

वहीतला माझा सगळ्यात लाडका वाक्प्रचार म्हणजे, 'यू कान्ट टीच ॲन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स.' म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत. माणूस एकदा सवयीत मुरला की त्याला नवं शिकवायला जाऊ नका, असा अर्थ. आपली 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण याच्या शेजारची, पण जुळी बहीण नव्हे, असं मी पोरांना बजावून सांगायचो. आपली खोड म्हणजे वाईटच. इंग्रजाचा म्हातारा कुत्रा गुणी असू शकतो, फक्त नवं घेत नाही बिचारा. आणि हो, हे कोणाच्या तोंडावर म्हणायचं नसतं, अपमान होतो, हेही मीच सांगायचो. हे तेवढं लक्षात ठेवा.

आणि उदाहरण? "फॉर एक्झाम्पल, अवर शालिग्रामभाऊ!"

शालिग्रामभाऊ म्हणजे आमचे शिपाई. पोरं त्यांना मामा म्हणतात. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं मोजकं. आमच्याकडे कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्यावर हातोडी मारली की शाळा भरते आणि सुटते. हातोडी शालिग्रामभाऊंची. दुसऱ्या कोणी हात लावला तर तोंडानं काही म्हणत नाहीत, पण हातोडी हळूच काढून घेतात.

माझं त्यांच्याशी एकच वाकडं होतं. साडेदहाची प्रार्थनेची घंटा साडेदहाला व्हायची नाही! कधी दहा चौतीस, कधी दहा छत्तीस, एकदा तर सदतीस. मी घड्याळ बघत व्हरांड्यात उभा, आणि हे हातोडी घेऊन रस्त्याकडे तोंड करून उभे.

"शालिग्रामभाऊ, साडेदहा झाले!"

"हाव सर. देतोच."

"मग द्या ना!"

"देऊन राह्यलो ना सर."

आणि द्यायचे नाहीत! पहिला तास माझा. माझी खात्री होती, या माणसामुळे माझ्या इंग्रजीची रोज पाच मिनिटं मारली जातात. सत्तावीस वर्षांचे मिळून किती तास होतात, याचा हिशेब मी एकदा खरोखर करायला बसलो होतो. बायकोनं वही काढून घेतली.

या वर्षी एका माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून शाळेला यंत्राची घंटा पाठवली. भिंतीवर डबा, डब्यावर लाल आकडे. एकदा वेळापत्रक भरलं की वाजायचं काम तिचं. मला तर देवच पावला! शिक्षकांच्या सभेत मी उभा राहिलो आणि वक्तशीरपणावर असं बोललो, असं बोललो, की चित्रकलेच्या सरांची झोप मोडली.

मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "सगळं खरं सर, पण शालिग्रामभाऊंना ते यंत्र जमेल का? आधी त्यांना शिकवू या."

मी हसलो. कसं हसलो ते विचारू नका, ते हसू आठवलं की आजही माझे कान तापतात. म्हणालो, "मॅडम, यू कान्ट टीच ॲन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स."

खेळाच्या सरांनी विचारलं, "म्हणजे काय हो?"

आता मला सांगा, इंग्रजीच्या मास्तराला कोणी अर्थ विचारला तर तो गप्प बसेल का? मी सांगितला. कुत्र्यासकट, म्हाताऱ्यासकट, शब्दाला शब्द लावून! आणि सगळे माझ्याकडे बघायचे सोडून माझ्या मागं का बघताहेत म्हणून मी वळलो.

दारात शालिग्रामभाऊ. हातात चहाचा ट्रे.

शालिग्रामभाऊ पुढं आले, पहिला कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "घ्या सर. तुमचा बिनसाखरेचा."

माझी साखर बंद झाल्याला फक्त चार दिवस झाले होते. मी शाळेत कोणाला सांगितलंही नव्हतं. पण तेव्हा ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी आपला चहा प्यायलो आणि यंत्राच्या घंटेचा ठराव पास करून घेतला.

यंत्र लागलं. वायरमन शिडीवर, शिडी धरायला शालिग्रामभाऊ, आणि खाली उभा राहून सूचना द्यायला मी. पाच मिनिटांनी मी कंटाळून निघून गेलो. ते दोघं मात्र तासभर काहीतरी बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून माझं राज्य सुरू झालं. दहा तीसला टर्रर्र! घंटा झाली की फाटक बंद. उशिरा येणाऱ्याचं नाव नोंदवहीत. तीनदा नाव आलं की घरी पत्र. नियम माझा, नोंदवही माझी, पत्राचा मसुदाही माझाच. फाटकाला कुलूप लावायचं काम तेवढं शालिग्रामभाऊंचं.

पहिल्याच आठवड्यात नोंदवही भरली. आणि नावं कोणाची? बसनं येणाऱ्या सहा मुलींची! रोज त्याच सहा. दहा पस्तीसला धापा टाकत फाटकाशी उभ्या. मी म्हटलं, बघा, इतकी वर्षं या मुली वेळेवर यायच्या आणि शिस्त आल्याबरोबर आळशी झाल्या! आता याच्यात काहीतरी उलटं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी एम.ए. आहे.

त्या सहांत नववीतली वैष्णवी होती. पोरगी भारी हुशार. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून बसनं यायची. तिनं एकदा सांगायचा प्रयत्न केला.

"सर, ते गाडी…"

"कारणं सांगायची नाहीत!"

शालिग्रामभाऊही एकदा कुलूप हातात घेऊन म्हणाले, "सर, दोन मिनिट थांबता काय? मंग लावतो."

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि शेजारच्या सरांना म्हणालो, "जित्याची खोड!" त्यांनी कुलूप लावलं. सांगितलेलं काम त्यांनी कधी टाळलं नाही.

आणि मग एका सकाळी वैष्णवीचे वडील आले. प्रल्हादभाऊ. पायात चिखल, खांद्यावर रुमाल, हातात माझं पत्र. घरी कपाशी फुटलेली, वेचणीला माणूस मिळेना, आणि हा माणूस शेत सोडून आलेला. मागं वैष्णवी, मान खाली.

मी जरा ऐटीतच म्हणालो, "बसा. पत्र मिळालं वाटतं?"

"भेटलं ना सर. पोरीचा दाखला द्या."

"दाखला? कशाला?"

"शाया बंद करतो तिची. म्या पयलेच सांगतलं होतं तिले, टाईमावर जायचं, टाईमावर यायचं, मंगच शाया. घरून त ते बराबर निंघते. मी सोता गाडीत बसवतो. अन तुमी लिवता का पोरगी रोज उशिरा येते. मंग मधात जाते कुठं? मले सांगा. मधात कुठं रायते ते?"

वैष्णवी रडत म्हणाली, "बाबा, गाडीच उशिरा…"

"तू चूप बस! सरांनं काय खोटं लिवलं?"

मी पत्रात लिहिलं होतं, 'उशिराचे कारण पालकांनी शोधावे.' वाक्य मला फार झोकदार वाटलं होतं. त्या वाक्यानं एका बापाच्या डोक्यात काय काय घातलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता. पोरीची शाळा सुटणार, आणि ती माझ्या अक्षरामुळे!

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करावं? माफी मागावी, गाडीची चौकशी करावी. मी काय केलं? मी म्हणालो, "प्रल्हादभाऊ, तसं काही नसेल हो. चार-पाच मिनिटांचीच गोष्ट आहे. आमचं यंत्र फार काटेकोर आहे, म्हणून नाव येतं. या, तुम्हाला दाखवतो."

हे माझ्यातलं आणखी एक वैगुण्य. बाजू उलटली की मी काहीतरी दाखवायला नेतो.

डब्यासमोर गेलो तर आकडे भलतेच! सकाळी लाईन जाऊन आली होती, त्यात यंत्राचं डोकं फिरलं असावं. खऱ्या घड्याळात सव्वाअकरा आणि यंत्रात काहीतरी बारा वाजून गेलेले. मी म्हटलं, "एक मिनिट हं, वेळ लावतो." सोबतचं माहितीपत्रक काढलं. माहितीपत्रक इंग्रजीत. मी इंग्रजीचा मास्तर. वाचलं. पुन्हा वाचलं. खोटं कशाला बोलू, प्रत्येक शब्द येत होता आणि एका वाक्याचा अर्थ लागत नव्हता! बाप समोर, पोरगी समोर, आता मागं कसं फिरणार? एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. मग दोन्ही मिळून दाबली.

लाल आकडे भराभर पळाले आणि एकदम पाच वाजले.

टर्रर्रर्रर्रर्रर्र!

शाळा सुटल्याची लांबलचक घंटा. सकाळी सव्वाअकराला!

आता तुम्ही म्हणाल, पोरांना कळत नाही का सव्वाअकरा म्हणजे काय ते? अहो, सगळं कळतं! पण सुटीच्या घंटेशी कोण वाद घालतं? साडेतीनशे पोरं दप्तरं घेऊन बाहेर. गणिताच्या सरांचं सूत्र फळ्यावर अर्धं राहिलं. पाचवीची पोरं तर 'भारत माता की जय' करून मोकळी. मी व्हरांड्यातून ओरडतोय, "थांबा! बसा! चुकून झालं!" आणि माझा आवाज त्या यंत्रात बुडालेला, कारण ते बंद कसं करायचं तेही मला माहीत नव्हतं. मोठ्या मॅडम कार्यालयाच्या दारातून माझ्याकडे नुसत्या बघत होत्या. फाटकाबाहेर डांबरी रस्ता, त्यावर कापसाच्या गाड्यांची ये-जा.

तेवढ्यात कडुनिंबाखालून आवाज आला.

ठण्. ठण्. ठण्. ठण्. ठण्.

पाच टोल. सावकाश. पाच टोल म्हणजे सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, असा शाळेचा जुना दंडक. तो कोणी कागदावर लिहिलेला नाही, पाचवीपासून पोरांच्या अंगात भिनलेला आहे. पोरं थांबली. जी पळत होती तीसुद्धा एका पायावर थांबली! शालिग्रामभाऊ एका हातात हातोडी घेऊन फाटकात उभे होते. दुसऱ्या हातानं त्यांनी फक्त आतला रस्ता दाखवला. साडेतीनशे पोरं मुकाट्यानं वर्गात गेली. मी सत्तावीस वर्षं 'कीप क्वायट' म्हणतोय, एक वर्ग गप्प बसला नाही कधी.

मग ते आले. मला म्हणाले, "सरका सर जरा." एक बटण दाबून धरलं, यंत्र गप्प. दुसरं दोनदा दाबलं. खिशातून मोबाइल काढून वेळ पाहिली आणि लावली. पुरतं मिनिटही लागलं नाही.

मी तोंड उघडं टाकून विचारलं, "हे कधी शिकलात?"

"वायरमन होता ना, त्याले इचारलं. राह्यलेलं मोबाइलवर पाह्यलं हिंदीतून. चार खेपा पाह्यलं मंग समजलं." आणि एका छोट्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "याच्यात हातानं द्याची घंटा बी हाये सर. पयली घंटा हातानं द्याची, बाकीच्या यानं आपल्या आपल्या द्यायच्या. पयल्या दिवशीच पाह्यलं होतं म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"मले इचारलं कोनं?"

मी माहितीपत्रकाची घडी घालत बसलो.

मग ते प्रल्हादभाऊंकडे वळले. "भाऊ, पोरगी कुठीच नाई जात. गाडी पयलेपासूनच चार-पाच मिनिट मागं असते, अन आता नाल्यावर पुलाचं काम सुरू हाये, त फेऱ्यानं येते. हे पाहा." मोबाइल पुढं केला. त्या बसनं येणाऱ्या लोकांचा एक गट होता, शालिग्रामभाऊंनीच केलेला. कोणी ना कोणी रोज लिहायचं, 'नाल्यावर आलो', 'जिनिंगपाशी आलो'. प्रत्येक निरोपापुढं वेळ. ज्या ज्या तारखेला मी वैष्णवीचं नाव वहीत लिहिलं, त्या त्या तारखेला गाडी दहा तीसला जिनिंगपाशीच, म्हणजे शाळेच्या अलीकडच्या कापसाच्या कारखान्यापाशीच होती.

म्हणजे बघा! मी ज्या माणसाला म्हातारा कुत्रा म्हणत होतो, तो रोज सकाळी मोबाइलवर गाडी बघून घंटा द्यायचा. मोबाइल नव्हते तेव्हा वळणावरची धूळ बघून द्यायचा. शाळा कोणासाठी थांबते हे पोरींनाही माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण रोज बरोबर वेळेवर पोचतो!

मी तरी शेवटची धडपड केली. "पण माझा तास रोज पाच मिनिटं…"

"तुमचा तास कवाच नाई कापला सर. चाळीस म्हंजे चाळीस. ते मिनिटं मी मधल्या सुट्टीतून काढतो."

सत्तावीस वर्षं! आणि मला पत्ता नाही!

प्रल्हादभाऊंनी एकेका निरोपाची वेळ बोट ठेवून पाहिली. मग लेकीकडे वळून एवढंच म्हणाले, "सांगतलं काऊन नाई तूनं?" ती म्हणाली, "सांगत त होती बाबा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "दाखला राहू द्या सर." आणि माझं पत्र चार घड्या करून माझ्याच हातात दिलं. मी त्यांची माफी मागितली, वैष्णवीचीही मागितली. खरं सांगतो, पोरीसमोर मान खाली घालताना जड गेलं. पण घातली. नोंदवही त्याच दिवशी बंद केली आणि पहिली घंटा पुन्हा शालिग्रामभाऊंच्या हाती दिली.

संध्याकाळी कडुनिंबाखाली शालिग्रामभाऊंना गाठलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी सभेत मी जे बोललो ना…"

"कुत्र्याचं?"

"हो."

ते हातोडी पुसत म्हणाले, "त्याचं काय मनावर घेता सर. दारावर त मीच बसतो ना!"

आणि हसले. मला हसताही येईना आणि रडताही येईना. इतक्या मोठ्या मनाचा माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्याला वहीत उदाहरण म्हणून टाचून ठेवलं होतं. म्हटलं, "भाऊ, मला ते यंत्र शिकवा." त्यांनी शिकवलं. त्यांना मिनिट लागलं होतं, मला चार दिवस लागले. रोज मधल्या सुट्टीत ते डब्याशी उभे राहायचे, मी चुकायचो, ते म्हणायचे, "होते सर, घाई नोका करू." पाचव्या दिवशी मी सगळी वेळ बरोबर लावली आणि खिडकीतून बघणाऱ्या नववीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या!

त्याच दिवशी वर्गात वही उघडली. सत्तावीस वर्षांत प्रथमच आतलं खोडलं. 'अवर शालिग्रामभाऊ' यावर आडवी रेघ मारली. पोरांना म्हटलं, "हे उदाहरण चूक होतं. आजपासून रद्द. या वाक्प्रचाराचा नवा उपयोग तुम्हीच करा. ज्याचं वाक्य सगळ्यात चांगलं, ते मी या वहीत लिहीन."

वैष्णवीचं वाक्य सगळ्यात चांगलं होतं. इंग्रजीत होतं, तुम्हाला मराठीत सांगतो. 'म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत असं लोक म्हणतात, पण आमच्या मामांनी सरांना चार दिवसांत घंटा लावायला शिकवली.'

लाल पेन घेऊन तीनदा तपासलं हो! व्याकरणाची एकही चूक नव्हती. दहापैकी दहा द्यावे लागले, आणि कबूल केल्याप्रमाणे माझ्याच हातानं, माझ्याच वहीत उतरवून घ्यावं लागलं.